ज्या गावात राहतेस, त्या गावासाठी एक दिवस

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत, बॉन विद्यापीठात कृषिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. या सहा महिन्यांत मैत्रिणींबरोबर पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲम्स्टरडॅम अशा तीन सहली झाल्या. प्रत्येक वेळी पहाटेची बस, दिवसभराची धावपळ, शेकडो फोटो आणि परतल्यावर दोन दिवस अंगदुखी. परवा आईने फोनवर सहज विचारले, “तुझं बॉन कसं आहे गं?” आणि मला वसतिगृह, प्रयोगशाळा आणि सुपरमार्केट यांपलीकडे काही सांगता आले नाही. त्यातच आमच्या जर्मनच्या शिक्षिकेने प्रत्येकाला एक दिवस गावात हिंडून त्याविषयी वर्गात दहा मिनिटे जर्मनमध्ये बोलायला सांगितले आहे. एप्रिलअखेरचा एक गुरुवार मोकळा आहे. ठिकाणांची यादी केली तर ती सतरावर गेली. मैत्रिणी म्हणतात, बॉनमध्ये बघण्यासारखे आहे काय. आणि मला वाटते की घरच्यांनी कर्ज काढून पाठवले ते हिंडण्यासाठी नव्हे. माझे जर्मन मोडकेतोडके आहे आणि एकटीने जायला संकोच वाटतो. हा दिवस मी कसा घालवावा?

– एक विद्यार्थिनी

ताईंचे उत्तर

प्रिय मैत्रिणी,

कर्जाचा विषय आधी बाजूला करू, कारण तो मनात असेपर्यंत कोणत्याही जागी तुझे पाऊल मोकळेपणाने पडणार नाही. घरच्यांनी तुला परक्या देशात राहून शिकण्यासाठी पाठवले आहे आणि त्या वाक्यातला ‘राहून’ हा शब्द तू गेले सहा महिने गाळून टाकला आहेस. आईने परीक्षेतले गुण विचारले नाहीत, गाव विचारले. तिला मनातल्या मनात तुला कुठेतरी उभी राहिलेली, चाललेली बघायचे आहे आणि त्यासाठी तिच्याजवळ सामग्री नाही. एका गुरुवारात ती तिला देता येईल. शिवाय हा गृहपाठच आहे, त्यामुळे अभ्यास बुडवल्याची टोचणी लावून घेण्याचे कारण नाही.

आता त्या सतरा ठिकाणांच्या यादीकडे येते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने चार महिने बॉनमध्ये काढले आणि पहिल्याच मोकळ्या दिवशी नऊ ठिकाणे उरकली. त्या दिवसाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात दारे उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा, ट्रामचे क्रमांक आणि ‘पाय दुखतात’ एवढेच सापडते. मी काय पाहिले, ते तिच्यात कुठेच नाही. पुढच्या खेपेला मी एक प्रश्न घेऊन निघाले आणि तोच तुला द्यावासा वाटतो: या गावात बाहेरून काय आले, आणि या गावातून कोण निघून गेले? तू स्वतः एका ठिकाणाहून निघालेली आणि दुसऱ्या ठिकाणी आलेली मुलगी आहेस, तेव्हा हा प्रश्न तुला परका वाटणार नाही. त्याच्या कसोटीवर यादी लावून पाहिलीस तर सतरांपैकी तेरा नावे आपोआप गळतील आणि उरलेली चार पायी चालत, घाई न करता एका दिवसात होतील.

सुरुवात पॉपेल्सडॉर्फपासून कर. रोज ज्या पिवळ्या राजवाड्याच्या कडेने तू सायकल दामटत वर्गाला जातेस, त्याच्या आवारातच विद्यापीठाची वनस्पती उद्यान म्हणून नावाजलेली बाग आहे. हा राजवाडा कोलोनच्या धर्मगुरू-राजांचा. त्याचे बांधकाम १७१५ मध्ये सुरू झाले. १८१८ मध्ये प्रशियाच्या राजाने बॉनला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा तो विद्यापीठाकडे आला, आणि तू ज्या विभागात शिकतेस त्याची पूर्वज असलेली शेतकी शाळा इथेच पॉपेल्सडॉर्फला १८४७ मध्ये निघाली. म्हणजे पहिली जागा तुझ्या पायाखालचीच आहे. बागेत शिरल्यावर थेट काचघरांकडे जा, कारण ती बागेपेक्षा कमी वेळ उघडी असतात. तिथे सुमात्रा बेटावरून आलेल्या ‘टायटन आरम’ या झाडाची चौकशी कर. आपले सुरण ज्या प्रजातीतले, त्याच प्रजातीतले हे झाड. त्याचा फुलोरा अनेक वर्षांतून एकदा येतो, दोन-तीन दिवस टिकतो आणि सडक्या मांसासारखा वास सोडून परागीभवनासाठी किडे बोलावतो. बॉनच्या या बागेत २००३ च्या मे महिन्यात त्याचा फुलोरा २.७४ मीटर उंच गेला होता आणि तो त्या वेळी जगातला सर्वांत उंच ठरला होता. तू गेलीस तेव्हा तो फुललेला असण्याची शक्यता फार कमी. बहुधा एकच भलेमोठे, झाडासारखे दिसणारे पान तुला दिसेल, किंवा मातीखाली झोपी गेलेल्या कंदाची कुंडी आणि तिच्यावरची पाटी. तरीही तिथे थांब. कंदवर्गीय पिकांची सुप्तावस्था तू पुस्तकात वाचली असशील. कुंडीतल्या कोरड्या मातीकडे बघत ‘आत काहीतरी जिवंत आहे आणि ते आपल्या वेळेची वाट बघत आहे’ हे समजून घेणे वेगळे असते. पाटीवरचे लॅटिन नाव, कूळ आणि मूळ प्रदेश वहीत उतरवून घे. या पाट्या नीट वाचत गेलीस तर तुझ्या दहा मिनिटांतली तीन मिनिटे इथेच तयार होतील, कारण झाडांची नावे आणि देशांची नावे जर्मनमध्ये सांगायला व्याकरण फारसे लागत नाही.

बागेतून बाहेर पडून चेस्टनटच्या झाडांच्या रांगांमधून सरळ गावाच्या दिशेने चालत ये. हा रस्ता मुद्दाम आखलेला आहे: त्याच्या एका टोकाला तू सोडलेला राजवाडा आणि दुसऱ्या टोकाला धर्मगुरू-राजांचा मोठा वाडा, जो आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिच्यामागच्या होफगार्टनच्या हिरवळीवर मुले लोळत, वाचत पडलेली असतात. तूही पंधरा मिनिटे बस. कार्ल मार्क्स १८३५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी याच विद्यापीठात कायदा शिकायला आला आणि वर्षभरात निघून गेला. आपल्याला अधिक जवळची गोष्ट म्हणजे १९२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे नाव नोंदवले होते. तो अभ्यास पुढे गेला नाही. १९२३ मध्ये त्यांनी लंडनची डी.एस्सी. ही पदवी मिळवली. पण आधीच तीन खंडांत शिकलेल्या माणसाने तिसऱ्या भाषेतल्या विद्यापीठाच्या दाराशी यावे, ही धडाडी त्या हिरवळीवर बसून आठवण्याजोगी आहे. मोडक्यातोडक्या जर्मनची लाज तिथे थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर रेल्वे स्थानकाच्या पलीकडे, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या जुन्या दफनभूमीकडे वळ. तिथे तिला ‘आल्टर फ्रीडहोफ’ म्हणतात. मोकळ्या दिवशी दफनभूमीत कशाला जायचे, असा प्रश्न तुझ्या मैत्रिणी विचारतील. मी मात्र म्हणेन की चारांतल्या तीन जागा गाळाव्या लागल्या तरी ही गाळू नकोस. ही जागा १७१५ पासूनची आहे, वर दाट झाडी आहे आणि भरवस्तीत असूनही आत पक्ष्यांखेरीज फारसा आवाज नसतो. प्रवेशद्वारापाशी नकाशा आहे, त्यावरून दोन कबरी शोध.

पहिली ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची. १८१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना बोलावले आणि संस्कृतच्या अध्यापनासाठी जर्मनीतले पहिले प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. शिकवायचे तर छापील संहिता हवी आणि छापायचे तर अक्षरे हवीत. ती जवळपास कुठे मिळेनात, म्हणून या गृहस्थांनी पॅरिसला जाऊन देवनागरीचे खिळे ओतवून घेतले, ते बॉनला आणले आणि १८२३ मध्ये देवनागरीतली भगवद्गीता, सोबत स्वतः केलेल्या लॅटिन भाषांतरासह, याच गावात छापली. ज्या अक्षरांत तू मला पत्र लिहिलेस ती अक्षरे शिशाच्या रूपात दोनशे वर्षांपूर्वी या गावात येऊन पोहोचली होती. मी ती कबर पाहिली त्या दिवशी पाऊस पडून गेलेला होता आणि दगडाच्या खाचांत पाणी साठले होते. श्लेगेल यांचे नाव मी बोटाने एकेक अक्षर करत वाचले आणि मला एकदम जाणवले की खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याने आपला काना, आपली वेलांटी, आपली जोडाक्षरे अशीच एकेक करून चिमट्यात धरली असतील, त्याला त्यांतले अवाक्षर कळत नसताना. परदेशातल्या पहिल्या वर्षी आपली भाषा आपल्यापुरतीच उरली आहे, असे वाटते. त्या दिवशी मला ते वाटले नाही.

दुसरी कबर संगीतकार बीथोवनच्या आईची. बीथोवन सोळा वर्षांचा असताना संगीत शिकण्यासाठी बॉनहून व्हिएन्नाला गेला होता आणि आई आजारी असल्याचे कळताच अर्ध्यावर परत फिरला. १७ जुलै १७८७ रोजी ती क्षयाने गेली. पुढे एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्याने तिच्याविषयी जे लिहिले, तेच शब्द आज तिच्या दगडावर कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ असा: ‘ती माझी किती चांगली, किती प्रेमळ आई होती, माझी सर्वांत जवळची मैत्रीण.’ मूळ जर्मन वाक्य सोपे आहे, तुला शब्दकोश न उघडता कळेल. ते वहीत उतरव आणि वर्गात तुझ्या आवाजात वाचून दाखव. याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तिथून थोड्याच अंतरावर रॉबर्ट आणि क्लारा शूमान या संगीतकार दांपत्याचे मोठे, पांढरे स्मारक आहे. त्यांच्याकडे फार जण येतात. तू आईपाशी थोडा वेळ जास्त थांबलीस तरी चालेल.

या भागातच हेअरश्ट्रासवरची जपानी चेरीची झाडे आहेत. एप्रिलच्या पूर्वार्धात तो रस्ता गुलाबी छताखाली जातो आणि तिथे चालायला जागा उरत नाही. तू जाशील तेव्हा बहर बहुधा सरलेला असेल. त्याची खंत करू नकोस.

दुपारचे जेवण उरकून बॉनगासेवरच्या बीथोवनच्या जन्मघरी जा. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते, त्यासाठी विद्यापीठाचे ओळखपत्र बरोबर ठेव. १८८९ मध्ये हे घर पाडले जाण्याच्या बेतात असताना गावातल्या बारा नागरिकांनी संस्था काढून ते वाचवले. आतल्या खोल्या ठेंगण्या आहेत आणि जमिनीच्या लाकडी फळ्या कुरकुरतात. त्याचे ऐकण्याचे कर्णे तिथे काचेआड ठेवले आहेत. बाकी सगळ्या वस्तू भरभर पाहिल्यास तरी चालेल, पण त्या कर्ण्यांपाशी उभी राहा. श्रवणशक्ती जात असलेल्या संगीतकाराच्या हातात हे पत्र्याचे अवजार कसे दिसत असेल याची कल्पना कर. १७९२ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा व्हिएन्नाला निघाला, तेव्हा तो पुरता बावीस वर्षांचाही नव्हता. त्यानंतर तो बॉनला कधीच परतला नाही. गावाने त्याचा पुतळा १८४५ मध्ये म्युन्स्टरप्लाट्सच्या चौकात उभारला, तो जाता जाता दिसेलच.

बॉन १९४९ पासून पश्चिम जर्मनीची राजधानी होते आणि २० जून १९९१ रोजी संसदेने ३३८ विरुद्ध ३२० मतांनी कारभार बर्लिनला नेण्याचे ठरवले. म्हणजे या गावात राजधानीसुद्धा आली आणि निघून गेली. ज्या उंच इमारतीत खासदारांच्या कचेऱ्या होत्या, तिथे आता संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था बसतात. तो सगळा भाग नदीच्या काठाने दक्षिणेकडे आहे आणि तुझ्या यादीतली निम्मी नावे तिकडचीच असावीत, असा माझा अंदाज आहे. ती त्या दिवशी घेऊ नकोस. त्यांच्यासाठी दुसरा दिवस ठेव, आणि त्या दिवशी क्योनिग संग्रहालयापासून सुरुवात कर, कारण जर्मनीचे नवे संविधान लिहिणाऱ्या परिषदेचा उद्घाटन सोहळा १ सप्टेंबर १९४८ रोजी या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाच्या दालनात झाला. युद्धाने इतकी पडझड झाली होती की त्यासाठी दुसरे शोभेसे सभागृह मिळणे कठीण होते. त्याच महिन्यांत दिल्लीतही संविधान सभा बसत होती. हे एवढे मोठे प्रकरण आहे की दुपारच्या उरल्यासुरल्या तासात कोंबले तर त्याच्यावर अन्याय होईल.

एकटीने जाण्याच्या संकोचाविषयी माझे मत स्पष्ट आहे: या दिवशी एकटीच जा. तिघी-चौघी असल्या की आपसांत मराठी किंवा इंग्रजी सुरू होते आणि गाव मागे पडते. भाषेसाठी तीन वाक्ये घरूनच पाठ करून ने. एक, ‘माफ करा, मी इथे शिकते आणि मला या गावाविषयी वर्गात बोलायचे आहे.’ दुसरे, ‘आपण इथलेच का?’ आणि तिसरे, ‘आपल्याला या गावातली कोणती जागा आवडते?’ अनोळखी माणसाला ‘झी’ म्हणायचे, ‘डू’ नव्हे. आपल्याकडे थोरांना एकेरीत हाक मारत नाहीत, तसेच ते समज. राइनकाठची माणसे बोलकी समजली जातात आणि माझा अनुभवही तोच आहे, विशेषतः बाकावर बसलेल्या वयस्कर बायकांचा. त्या भराभर बोलतील आणि तुला निम्मेच कळेल. ‘कृपया सावकाश’ एवढे म्हणायचे आणि ऐकत राहायचे. दिवसभरात एकाच माणसाशी बोलणे झाले तरी पुष्कळ आहे. दफनभूमीत मात्र आपणहून कोणाला थांबवू नकोस. तिथे लोक एकांतासाठी येतात, आणि फोनवर बोलणे किंवा कबरीशेजारी उभे राहून फोटो काढणेही टाळ.

गुरुवार निवडलास हे चांगले केलेस. तिकडची बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुकाने कायद्याने बंद ठेवावी लागतात, त्यामुळे ऐनवेळी पाण्याची बाटलीसुद्धा मिळणे अवघड होते. तुला प्रवासखर्च येणार नाही: बहुतेक अंतर पायी आहे आणि दमलीस तर सेमेस्टरच्या तिकिटावर ट्राम आहेच. एप्रिलमध्ये तिथे एका तासात ऊन आणि गारा दोन्ही अनुभवायला मिळतात, तेव्हा टोपीचे जाकीट आणि भिजले तरी चालतील असे बूट घाल. फोटो प्रत्येक ठिकाणी फक्त एकच काढायचा, असे बंधन स्वतःला घालून घे. कशाचा काढायचा हे ठरवताना तू ती जागा आपसूक नीट पाहशील. उरलेले वहीत लिही, मराठीतच लिही. जर्मन नंतर करता येते, पण त्या क्षणी आलेला शब्द नंतर मिळत नाही.

संध्याकाळी होफगार्टनच्या नदीकडच्या टोकाला असलेल्या आल्टर त्सोलवर जा. जुन्या तटबंदीचा तो बुरूज आहे. खाली राइन वाहते, मालवाहू पडाव संथपणे उलट्या प्रवाहात चढत असतात आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला ‘सात टेकड्या’ या नावाची डोंगररांग दिसते. उन्हाळी वेळ सुरू झाल्यावर तुझ्या आणि घरच्या घड्याळात साडेतीन तासांचे अंतर असते, म्हणून सहाच्या सुमारास फोन लाव. घरी तेव्हा साडेनऊ झालेले असतील आणि आईचे जेवणखाण आटोपलेले असेल. कॅमेरा आधी नदीकडे कर, मग वही उघड आणि त्या दगडावरचे वाक्य तिला आधी जर्मनमध्ये आणि मग मराठीत वाचून दाखव.

तुझी,
ताई